पेन्सिल पुसल्यावर

१६ सप्टेंबर १९७४

मेदेयिनच्या रेकॉर्ड कंपनीची तार आली. डिसेंबरच्या मोसमासाठी आमच्या किनाऱ्यावरच्या गाण्यांची एक रेकॉर्ड निघते आहे. तिच्या कव्हरचा फोटो, मांडणी, अक्षरं, सगळं बारांकियाच्या निकानोर पेर्तुसने करायचं आहे. म्हणजे मी. काम पसंत पडलं तर दरवर्षी अशी कव्हरं देऊ म्हणतात. लग्नं, बाप्तिस्मे आणि पासपोर्ट यांतून सुटायची मी कधीची वाट पाहत होतो. आता पार काराकासच्या दुकानांच्या काचांत माझं काम झळकेल.

म्हणून ही वही. मोठ्या माणसांनी सुरुवातीपासून टिपणं ठेवावीत, पुढे लोक विचारतात. बायकोला हे सांगितलं. ओमायरा माझे फोटो हाताने रंगवते आणि मला जमिनीवर ठेवायचं कामही तिनेच अंगावर घेतलं आहे. म्हणाली, "अजून तारेची शाई वाळली नाही आणि तू पुतळ्यासाठी चौक शोधायला निघालास!"

कंपनीने मलाच का निवडलं ते उघड आहे. माझी पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिल जिथे फिरते तिथे छापात माणूस उजळतो, हे कुठलाही फोटोग्राफर सांगेल, पण कुठे थांबायचं ते मलाच कळतं. या शहरातली एकही नवरी माझ्या स्टुडिओतून दालचिनीपेक्षा काळी होऊन बाहेर पडलेली नाही. मी स्वतः गव्हाळ आहे, तेव्हा मला कोणाच्या रंगाचं वावडं असायचं काही कारण नाही. लोकांना काय हवं असतं एवढंच मी जाणतो.

दारासमोर आईचा फोटो टांगला आहे, तो माझा सर्वांत उत्तम नमुना. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी काढला होता. फ्रेम करून तिच्या मांडीवर ठेवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही कोण रे बाई? छान आहे हो." यापेक्षा मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही.

२३ सप्टेंबर

गाणारी बाई आली. बेनिल्दा कास्सियानी, कालव्याकाठच्या कान्योवेर्देची. सगळे तिला मानाने सेन्या बेनिल्दा म्हणतात. सत्तरीची असेल. पांढरा इस्त्रीचा झगा, पायांत नवे बूट, आणि ओमायरासाठी केळीच्या पानात बांधलेल्या खोबऱ्याच्या वड्या. रंग असा, की माझ्या दोन पेन्सिली संपाव्यात.

आल्या आल्या बसली नाही. हात पाठीशी बांधून भिंतीवरचे सगळे फोटो पाहत फिरली.

"एवढी गोरी माणसं बारांकियात कुठून गोळा केलीस रे पोरा?"

ओमायरा आत खोकल्याचं नाटक करून हसली.

आईच्या फोटोपाशी बाई थांबली. "आणि ही?"

"माझी आई. कार्ताहेनाची. शिवणकाम करायची. देवाघरी गेली."

"कार्ताहेनाची," बाई म्हणाली. "चांगल्या घरची दिसते." आणि पुढे गेली. मला बरं वाटलं. खेड्यातल्या माणसालाही घराणं कळतं.

मग कामाची गोष्ट काढली. कंपनीचं म्हणणं असं, की कव्हरवर मार्लेन नावाची मुलगी बसवायची. सौंदर्यस्पर्धेत दुसरी आली होती. पोहण्याचा पोशाख, समुद्र, मांडीवर ढोल. बेनिल्दाचं नाव खाली, ठसठशीत. डिसेंबरच्या सगळ्या रेकॉर्डी अशाच निघतात आणि हातोहात खपतात.

"ती गाते?" बाईने विचारलं.

"कोण?"

"ती ढोलवाली."

"नाही. ती फक्त बसते."

"मग फक्त बसणारीच हवी असेल तर मीही बसते. पाय दुखतातच माझे."

मी समजावलं, की रेकॉर्ड घेणारा आधी चित्र बघतो. तर म्हणाली, "तेच म्हणतेय मी. माझी एक जिवलग आहे, ती चित्रच बघेल. तिला वाचता येत नाही. तू नाव सोन्याने लिहिलंस तरी तिला त्याचा उपयोग नाही."

मग सांगितलं. तिची एक जोडीदारीण होती. गावात तिला तोर्तोला म्हणजे होला म्हणत, त्या पाखरासारखी मऊ बोलायची म्हणून. बेनिल्दा ओळ टाकायची आणि तोर्तोला उत्तर द्यायची. आमच्याकडची ही गाणी तशीच चालतात, एकीने विचारायचं आणि दुसरीने झेलायचं. ऐन तारुण्यात तोर्तोला डोक्यावर मिठाईचं घमेलं घेऊन शहरात विकायला गेली ती परत आलीच नाही. कोणी म्हणे बारांकियात आहे, कोणी म्हणे काराकासला. एकदाच निरोप आला: शोधायला येऊ नका.

"मेली असेल," मी म्हणालो. असं बोलायला नको होतं, पण मला कामाची घाई होती.

"असेलही. पण आमच्या गावात गायल्याशिवाय माणूस जात नाही. नऊ रात्री गावं लागतं, तेव्हा त्याला वाट सापडते. तोर्तोलासाठी मी गायले नाही. जिवंत माणसासाठी गायलं तर पाप. म्हणून तशीच अडकून बसलेय, बघ. दुकानाच्या काचेत माझं तोंड दिसलं तर ती ओळखेल आणि येईल, नाहीतर तिचं कोणीतरी येईल. गाणी मी आयुष्यभर फुकट गात आलेय. रेकॉर्ड मला याच्यासाठी हवी आहे."

म्हातारी हट्टी आहे. उद्या मेदेयिनला कळवतो.

२४ सप्टेंबर

तिने आधीच गायलेल्या गाण्यांची टेप कंपनीने पाठवली होती. दुपारी लावली. चित्र सुचायला ऐकावं लागतं.

तिसऱ्या गाण्यात बाई विचारते, "होडी लागली काठाला, कोण येतं गं?" आणि मागच्या बायका उत्तर देतात, "मीच येते, मीच येते, दिवा विझवू नको."

गंमत म्हणजे ही दुसरी ओळ मला ठाऊक आहे. आई खोबरं खवताना गुणगुणायची. एवढीच ओळ. म्हणायची, थांबायची, मग पुन्हा तीच. मला वाटायचं पुढचं विसरली. रेडिओवर कुठेतरी ऐकलं असेल तिने.

ओमायराला सांगितलं. ती ब्रश खाली ठेवून म्हणाली, "पण तारेत तर लिहिलं होतं ना, ही गाणी पहिल्यांदाच रेकॉर्ड होतायत म्हणून?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायची सवय असते.

२ ऑक्टोबर

आजचा दिवस नीट लिहितो, कारण पुढे लोक मला याबद्दल विचारतील.

कंपनीचे साहेब डॉन दारियो सुलुआगा स्वतः विमानाने आले. थंड प्रदेशातला माणूस, कोट घालून आमच्या उकाड्यात. लहान पोरालाही अहो-जाहो करतात. बरोबर मार्लेन. तिकडून बेनिल्दा बसने आली. मी सगळ्यांना स्टुडिओत एकाच वेळी बोलावलं होतं, समोरासमोर काय ते मिटेल म्हणून. मिटायच्या आधीच आभाळ फुटलं आणि गल्लीतून ओढा वाहू लागला. इथले लोक अशा वेळी दार लावून कॉफी करतात. डॉन दारियोंनी ते कधी पाहिलं नव्हतं. समोरून एक फळगाडी पपयांसकट तरंगत गेली तेव्हा ते खुर्चीवरच उभे राहिले.

"हे... हे किती वेळ चालतं?"

"त्याच्या मनात असेल तोवर," ओमायरा म्हणाली. "साखर किती घालू?"

मार्लेन पोहण्याच्या पोशाखात कुडकुडत बसली होती. ढोल तिने असा पोटाशी धरला होता, जणू ताप आलेलं मूल. बेनिल्दाने आपली शाल काढून तिच्या खांद्यांवर टाकली, हातात वडी दिली आणि ढोल काढून घेतला. "गुडघ्यांत धरतात गं बाई. आणि पोटभर खात जा."

मग डॉन दारियोंकडे वळली. बोलणं झालं ते जसंच्या तसं:

"सेन्योरा, आपला आवाज म्हणजे देशाचा ठेवा आहे. पण लोक रेकॉर्ड डोळ्यांनी विकत घेतात."

"मग डोळ्यांनीच ऐकू देत."

"तुमचं नाव मोठ्या अक्षरांत टाकू. याहून मोठी अक्षरं आम्ही कोणालाच दिलेली नाहीत."

"माझी दोन गाणी गायची राहिलीत ना अजून?"

"हो. उद्या सकाळी."

"तोंड झाकायचं असेल तर गळाही झाकलेलाच राहील."

डॉन दारियो माझ्याकडे बघू लागले, मी छताकडे. कंटाळून बेनिल्दाने ढोलावर थाप मारली आणि एक ओळ टाकली. समोरच्या गॅलरीत अडकलेल्या बायकांनी ती झेलली. मग शेजारच्या न्हाव्याकडून, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून. कोणीतरी ओरडलं, "अगं, ती कान्योवेर्देची सेन्या बेनिल्दा! जरा दारात या की, दिसू द्या आम्हाला!"

ती दारात जाऊन उभी राहिली. डॉन दारियोंनी ते सगळं पाहिलं. माणूस वाईट नाही, फक्त त्याला हिशोब डोळ्यांनी दिसावा लागतो.

शेवटी ठरलं ते असं: पुढे बेनिल्दा, आणि मागे गाण्यांच्या यादीशेजारी मार्लेन. मार्लेनला हे फार आवडलं. "पाठीमागे असले म्हणजे आजी रागावणार नाही," म्हणाली.

तोडगा काढला बेनिल्दाने, पण सगळ्यांना एका छपराखाली आणण्याची अक्कल माझी.

५ ऑक्टोबर

फोटो काढला. मागे पिवळा पडदा, वेताची उंच पाठीची खुर्ची, मांडीवर ढोल. बाई हललीसुद्धा नाही. लोक कॅमेऱ्यासमोर बसले की कोणीतरी दुसरेच होतात, ती होती तशीच राहिली.

मग तीन दिवसांचं काम मी एका दिवसात केलं. सुरकुत्या अर्ध्या केल्या, नाक थोडं सरळ केलं, पाठच्या बाजूने शिशाची पूड चोळून रंग चार पायऱ्या वर आणला. दुसऱ्या कोणाकडे यासाठी बक्कळ पैसे पडले असते. तिच्याकडून मी काहीच घेणार नाही, एका आईच्या वयाच्या बाईला माझी भेट.

ओमायरा खांद्यावरून पाहत होती. "छान," म्हणाली. "आता मी हिला कोणत्या रंगात रंगवू? आपल्या भिंतीच्या?"

८ ऑक्टोबर

बेनिल्दाने छाप हातात घेतला. खिडकीपाशी नेला. उलटून मागे पाहिलं, सुलटा केला.

"ही कोण रे बाई?" म्हणाली. "छान आहे हो. पण मी माझा फोटो न्यायला आलेय."

मी सांगितलं की हा तिचाच आहे. ती रागावलीही नाही. राग आला असता तर मी उत्तर दिलं असतं.

"तोर्तोला दुकानासमोर उभी राहील," ती हळू बोलली, "आणि म्हणेल, कोणा सेन्योराची रेकॉर्ड दिसते, आणि पुढे जाईल. एवढं लांबून मी आले ते तिने पुढे निघून जावं म्हणून?"

छाप टेबलावर ठेवला आणि बस गाठायला गेली.

मी अतिशय संतापलो आहे. या शहरातल्या अर्ध्या बायका ज्यासाठी माझ्या पाया पडतात, ते हिला फुकट दिलं. जेवलो नाही.

त्यात आणखी एक त्रास. बाईचे ते शब्द दिवसभर कानात वाजत आहेत. कुठे ऐकलेत ते चांगलं माहीत आहे, पण तिथे ती शाबासकी होती.

होतीच.

९ ऑक्टोबर

पुसलं. कामाच्या बाबतीत मी अडेलतट्टू नाही. टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि दोन्ही बाजू स्वच्छ केल्या. शिसं उतरायला वेळ लागला नाही. पुन्हा छापलं.

प्रामाणिकपणे लिहितो: मी काढलेला हा सर्वांत चांगला फोटो आहे. गालांवर उजेड आहे. कपाळावरची आठी सुद्धा काहीतरी गात असल्यासारखी दिसते. एवढं सगळं निगेटिव्हमध्ये होतं आणि मी वर चोळत बसलो. अर्थात फोटो माझाच आहे, प्रकाश मीच लावला होता.

ओमायराने छापाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "कापूस ओला आहेच," म्हणाली, "तर सासूबाईंचीही पुसून टाक."

"माझा उत्तम नमुना आहे तो!"

"म्हणूनच म्हणतेय. त्यांना मी सहा वर्षं जेवायला वाढलंय, निकानोर. त्या बाईला मी ओळखत नाही."

टर्पेंटाइनच्या बाटलीला बूच लावून ठेवलं.

२१ ऑक्टोबर

मेदेयिनहून होकार आला, कव्हर छापायला गेलं. वर बेनिल्दाचं नाव, मधे ती, खाली काहीही नाही. मी अक्षरं मुद्दाम लहान ठेवली.

आज एक उत्तम कल्पना सुचली. आईचीही निगेटिव्ह पुसून छापली. ओमायराच्या सांगण्यावरून नव्हे. कल्पना अशी, की पेन्सिलीआधीची आई आणि पेन्सिलीनंतरची आई शेजारी शेजारी टांगायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला माझ्या हाताची करामत एका नजरेत कळेल.

टांगल्या. तेव्हापासून दोन गिऱ्हाइकं आली आणि दोघांनी करामतीबद्दल काहीच विचारलं नाही. दोघांनीही पेन्सिलीआधीच्या आईला मान लववली.

समोरच्या दोन दातांमध्ये तिच्या फट होती. मी विसरलोच होतो. कामापायी बुजवली होती.

२९ नोव्हेंबर

रेकॉर्ड आली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात पन्नास होत्या, दुपारपर्यंत संपल्या. काचेत बेनिल्दा अशी बसली आहे, की रस्ता तिच्याच मालकीचा. लोक थांबतात. एका भाजीवालीने टोपली खाली ठेवून काचेतल्या बाईला "नमस्कार आई" म्हटलं. डॉन दारियोंनी पुढच्या तीन कव्हरांचं काम दिलं आहे. हे सगळं आधी लिहिलं, कारण बाकीचं लिहायला हात धजत नव्हता.

चारच्या सुमारास बेनिल्दा आपली प्रत न्यायला आली. कव्हर हातात घेतलं, खूप वेळ पाहिलं आणि हसली. "ही मी," म्हणाली. मग ते छातीशी धरून कॉफीची वाट बघत भिंतीकडे वळली, पहिल्या वेळेसारखी, हात मात्र आता पुढे.

ओमायरा कॉफी घेऊन आली आणि दारातच थबकली. मी करामतीबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं.

बेनिल्दा आईच्या दुसऱ्या फोटोसमोर उभी होती. पेन्सिलीआधीच्या. नाकाला नाक लागेल इतकी जवळ.

"अगं भवाने," ती म्हणाली. "इथे आहेस होय तू?"

मी म्हणालो, "ती माझी आई."

"ही तोर्तोला."

"तिचं नाव एदुविना. कार्ताहेनाची—"

"बाप्तिस्म्याचं नाव पाद्र्याला ठाऊक, पोरा. कान्योवेर्देची आहे ही. ही फट आमच्या घराच्या पायरीवर पडून झाली, माझ्यामुळे. आंब्यासाठी ढकललं होतं मी." मग तिने शेजारच्या गोऱ्या फोटोकडे बोट केलं. "सप्टेंबरात हिच्यासमोर उभी होते मी. उभी राहून पुढे गेले."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती खाली बसली. विचारलं, केव्हा गेली. चार वर्षं झाली म्हणालो. विचारलं, शोधायला येऊ नका असा निरोप का धाडला असेल. माझे वडील जकात कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या घरी गावाकडचं कोणी आलेलं चालत नसे, एवढं मला आठवत होतं. कोणतं गाव, ते मी कधी विचारलं नाही. लहानपणी एकदा दारात डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई आली होती. आईने तिच्याकडून सगळ्या वड्या विकत घेतल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तेही सांगितलं.

"गायलं का कोणी तिच्यासाठी?"

"चर्चमध्ये प्रार्थना झाली. मोठी होती. ऑर्गन वाजवला."

"म्हणजे नाही."

बेनिल्दाने कव्हर भिंतीला टेकवून उभं केलं, आईच्या खाली. दोघी एकमेकींना दिसतील असं. मग ढोल मागितला. मार्लेनचा ढोल कोपऱ्यात पडून होता, तो ओमायराने आणून दिला. म्हातारीने तो गुडघ्यांत धरला आणि डोळे मिटले.

"होडी लागली काठाला, कोण येतं गं?"

आणि थांबली. तिथे थांबायचंच असतं. तिने डोळे उघडले. ती फोटोकडे पाहत वाट बघत राहिली, आणि मला कळलं की आई खोबरं खवताना पुढचं विसरत नव्हती. ती बेनिल्दासाठी जागा सोडत होती.

मला गाता येत नाही. चर्चमध्येही मी नुसते ओठ हलवतो.

"मीच येते," मी म्हणालो, "मीच येते, दिवा विझवू नको."

सूर चुकला. बेनिल्दाने मान हलवली आणि पुढची ओळ घेतली.

३० नोव्हेंबर

गोरा फोटो उतरवला. कोणाला करामत पाहायची असेल तर फाईलमध्ये आहे.

बेनिल्दा नऊ रात्री इथेच राहणार आहे. मोसमाचे दिवस, पाच लग्नांची कामं आली होती, ती दुसऱ्यांकडे पाठवली. ओमायराने पाटी रंगवून दिली, ती मी दारावर लावली: स्टुडिओ बंद आहे, घरात दुःख आहे.

सकाळपासून शेजारी येऊन विचारतात, "कोण गेलं हो?"

मी सांगतो, "आई."